झुरळा, तुझा पत्ता कोणता?

रात्रीचे साडेबारा. प्रेझेंटेशन संपवून पाणी प्यायला किचनमध्ये गेले, लाइट लावला आणि... ओट्यावर पार्टी! एका सेकंदात सगळे पाहुणे मिक्सरखाली, शेगडीखाली, चहाच्या डब्यामागे गायब. अमरावतीत राजापेठजवळचा आमचा टू बीएचके, दोघी रूममेट्सचा संसार, भाडं निम्मं-निम्मं. आणि हे फुकटे!

मग आपण सगळेच जे करतो तेच मी केलं. स्प्रेचा अख्खा डबा रिकामा केला, सकाळी मेलेली सहा झुरळं झाडून टाकली आणि विजयी मुद्रेने ऑफिस गाठलं. चार दिवसांनी झुरळं माझ्या कपड्यांच्या कपाटात निघाली. स्प्रेने काही मरतात, उरलेली वासाला कंटाळून शेजारच्या खोलीत शिफ्ट होतात, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

तसंही चालवून घेतलं असतं हो. पण मे महिन्यात अकोल्याहून आई राहायला येणार होती आणि आईला दमा आहे. झुरळांची विष्ठा, टाकलेली कात, मेल्यावर होणारा भुगा हे सगळं धुळीत मिसळतं आणि दम्याच्या पेशंटला नेमका त्याचाच त्रास होतो. बरं, स्प्रे मारावा तर त्यानेही तिला धाप लागते. ठेवली तरी पंचाईत, मारली तरी पंचाईत!

शेवटी मारण्याआधी नीट बघायचं ठरवलं. बाजारात मिळणारे चिकट पॅड आणून एक बाथरूममध्ये, एक फ्रिजमागे ठेवला. सकाळी बाथरूमच्या पॅडवर तीन झुरळं, फ्रिजमागे चक्क बावीस. आणि दोन्हीकडची मंडळी वेगळी!

बाथरूममधली तांबूस, दीड इंचाची, मानेवर पिवळसर कडा असलेली. हे अमेरिकन झुरळ. उकाड्यात अंगावर उडून येतं ते हेच. याचं खरं घर म्हणजे गटार आणि ड्रेनेज, आपल्याकडे ते फक्त डोकावतं. फ्रिजमागची अर्ध्या इंचाची, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. ते बाहेरून रोज येत नाही, ते आपल्याच घरात राहतं. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या बेतात येईपर्यंत पोटाशी घेऊन फिरते, एकेका पिशवीत ३०-४० अंडी. आपल्या उन्हाळ्यात दोनेक महिन्यांत ती पिल्लंही संसाराला लागतात. आमच्याकडे ही मंडळी आली सेकंडहॅण्ड फ्रिजबरोबर. मोटरजवळची ऊब त्यांना फार प्रिय!

गंमत म्हणजे हे ‘जर्मन’ मुळात जर्मन नाहीच. लिनियसने १७६७ मध्ये ते नाव दिलं खरं, पण २०२४ मध्ये १७ देशांतल्या झुरळांचा डीएनए तपासला तेव्हा कळलं, की सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारकडे रानातल्या आशियाई झुरळापासून ही जात निघाली. म्हणजे आपलाच माणूस, फॉरेन रिटर्न!

पत्ता सापडल्यावर काम सोपं झालं. छोट्यांसाठी स्प्रे बंद आणि जेल सुरू. मसुरीच्या दाण्याएवढे थेंब ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रिजमागे, मिक्सरच्या स्टॅण्डखाली. झुरळ खातं, बिळात जाऊन मरतं, मग त्याची विष्ठा आणि मढं खाऊन भाऊबंदही जातात. (जेवताना वाचत असाल तर सॉरी.) मात्र जेलच्या आसपास स्प्रे किंवा फिनाईल मारलंत तर ते तोंडच लावणार नाहीत. रात्री ओटा कोरडा, खरकटी भांडी घासलेली, कचऱ्याचा डबा बंद हवा. समोर पोळीचे तुकडे असताना जेल कोण खाणार? खडूचं म्हणाल तर तो विषच असतो. घरात लहान मूल असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका. ऑफिसमध्ये प्रत्येकाने सुचवलेले तेजपान, लवंग, कापूर मी सगळे करून पाहिले. किचनला बिर्याणीचा वास आला, बाकी काही नाही.

मोठ्यांना जेलपेक्षा दार बंद करणं महत्त्वाचं. नहाणी ट्रॅपमधलं पाणी ही त्यांच्या वाटेवरची भिंत. आम्ही दोघी वीकेण्ड जोडून चार-पाच दिवस गावी जायचो, तेवढ्यात वऱ्हाडातल्या उन्हात ते पाणी आटायचं आणि रस्ता मोकळा! आता निघताना बादलीभर पाणी ओततो, वर बारीक जाळी.

तरी आई आल्यावर हॉलमध्ये मोठी दोन दिसलीच. मी पुन्हा बाथरूमकडे धावले. आई सोफ्यावरूनच म्हणाली, ‘‘अवं पोरी, हे झुरय कूलरातून येऊन राह्यले ना! खस कधी बदलली तू?’’ बदललीच नव्हती. ओल, अंधार, गारवा... पंचेचाळीस डिग्रीत झुरळाला आणखी काय हवं? ताट्या काढल्या तर आत पाच निघाली. टाकी घासून उन्हात वाळवली, नवी खस बसवली.

या रविवारी फ्रिजमागच्या पॅडवर फक्त दोन होती. आईचा पंप तीन आठवडे पर्समध्येच आहे. आता रूममेटचा फोन आलाय, कुणाचा तरी जुना मायक्रोवेव्ह अगदी स्वस्तात मिळतोय म्हणे. तिला म्हटलं, पैसे देऊ नकोस, मी टॉर्च घेऊन येतेय.