कोमो सरोवरावरील आकाशमार्ग

उत्तर इटलीत, आल्प्स पर्वताच्या दक्षिण उतारावर, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळ पसरलेले कोमो सरोवर उलट्या ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे आहे, ही गोष्ट कोणताही नकाशा सांगेल. परंतु त्या आकाराचे कारण काय, आणि त्यामुळे तेथील वारे, पाणी व वस्ती यांना कोणते वळण लागले, हे उमजण्यासाठी दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून सावकाश विहरत ते पाहावे लागते. असे पाहण्याचे साधन फ्लाइट सिम्युलेटरच्या रूपाने आज सामान्य गृहस्थाच्या संगणकावर आले आहे, आणि त्याला निव्वळ करमणूक मानणे हा त्या साधनावर अन्याय आहे, असे माझे मत आहे.

या विद्येचा आरंभ एडविन लिंक या अमेरिकन संशोधकाने वैमानिकांच्या शिक्षणासाठी 1929 च्या सुमारास बनवलेल्या, जमिनीवरच डोलणाऱ्या यंत्रापासून झाला. मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम्युलेटर 1982 साली निघाला. फ्रान्समधील आसोबो स्टुडिओने घडवलेल्या 2020 च्या आवृत्तीने मात्र उपग्रह व विमानांतून टिपलेली छायाचित्रे, जमिनीच्या उंचसखलपणाची मोजणी आणि ताज्या हवामानाचे आकडे एकत्र गुंफून सारा भूगोल वैमानिकाच्या पुढ्यात ठेवला.

कोमो शहराच्या किनाऱ्यावर जलविमानांचा खराखुरा तळ असून तेथील एरो क्लब 1930 साली स्थापन झाला; म्हणून आरंभ तेथूनच करावा, आणि पाणी व जमीन दोन्हींवर उतरणारे आइकॉन ए5 हे दोन आसनांचे छोटे विमान त्यासाठी निवडावे. समुद्रसपाटीपासून सुमारे 198 मीटर उंचीच्या या जलपृष्ठावरून उड्डाण केल्यावर डाव्या हाताला कोमाचिना हे सरोवरातील एकमेव बेट लागते, पाठोपाठ लेन्नोजवळच्या भूशिरावरील व्हिला बाल्बियानेल्लो दिसतो, आणि पुढे, जेथे तिन्ही शाखा एकत्र येतात तेथे, बेल्लाजो हे गाव येते. या ठिकाणी थोडी उंची घेऊन एक पूर्ण घिरटी घालावी. पूर्वेस 2410 मीटरचे ग्रिन्या शिखर, ईशान्येस कोलिको गावामागचा 2609 मीटरचा लेन्योने आणि त्यांच्या पायथ्याशी एकदम उभ्या कड्यांतून पाण्यात उतरणारे किनारे पाहिले, म्हणजे ही दरी प्रचंड हिमनदीने खरवडून काढली आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. सरोवराची खोली 400 मीटरांहून अधिक आहे. म्हणजे पर्वतांच्या कुशीतल्या या जलाशयाचा तळ समुद्रसपाटीच्याही सुमारे 200 मीटर खाली गेलेला आहे, आणि ही गोष्ट मला त्याच्या सर्व सौंदर्याहून विस्मयकारक वाटते. उत्तरेकडून येणारी आद्दा नदी लेक्को शहराकडे जाणाऱ्या शाखेतून बाहेर पडते. कोमोच्या शाखेला निर्गमच नाही. त्यामुळे पाणी चढले की कोमो शहराच्या चौकापर्यंत पूर येतो, आणि त्याचे कारण विमानातून, त्या टोकाला वेढून बसलेल्या टेकड्या पाहताच, डोळ्यांसमोर उभे राहते.

वाऱ्यांचेही असेच आहे. सकाळी उत्तरेकडून तिव्हानो वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेव्हा. रात्री थंडावलेली हवा डोंगरांवरून खाली उतरते, तर दिवसा तापलेल्या उतारांवरून वर चढणारी हवा मैदानाकडील वारा आत ओढून घेते. जागतिक हवामानाच्या आकड्यांत असे स्थानिक वारे नेहमी सापडतीलच असे नाही. म्हणून सिम्युलेटरमध्ये वाऱ्याची दिशा व वेग स्वतः नेमून देऊन सकाळचे व दुपारचे उतरणे वेगवेगळे करून पाहावे, कारण पाण्यावरही वाऱ्याला सामोरे जाऊनच उतरायचे असते. मात्र वारा पूर्ण पडला आणि पाणी आरशासारखे स्थिर झाले, तर ते किती खाली आहे याचा अंदाज डोळ्यांना लागत नाही. अशा वेळी खरे वैमानिक किनाऱ्याच्या आधाराने, इंजिनाची शक्ती थोडी चालू ठेवून, एकसारख्या मंद गतीने पाणी लागेपर्यंत उतरत जातात, आणि तीच शिस्त येथेही पाळावी.

विश्वास कशावर ठेवावा, याचेही तारतम्य हवे. पर्वत, किनारे आणि नद्यांचे मार्ग प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेले असतात. पण पुष्कळशी घरे छायाचित्रांवरून अनुमानाने संगणकानेच उभी केलेली असतात, तेव्हा बेल्लाजोच्या चर्चचा मनोरा जागेवर नसला, किंवा व्हिलाच्या जागी साधे चौकोनी घर दिसले, तर गोंधळून न जाता ग्रिन्या व लेन्योने यांच्या दिशेवरून आपला मार्ग ठरवावा.