खदानीला उतार हवा

छत्रपती संभाजीनगरातून कोणत्याही दिशेने बाहेर पडा, थोड्याच वेळात एखादी दगडखदान लागते. शहरातली घरे, रस्ते, एमआयडीसीतल्या शेडचे पाये, सगळ्यांची खडी भोवतीच्या डोंगरांनीच पुरवली. दगड संपतो, क्रशर दुसरीकडे हलतो आणि मागे उभ्या कडांचा खड्डा उरतो. पावसाळ्यात तो भरतो. पाण्यात उतरलेल्या माणसाला किंवा जनावराला परत वर यायला पाय टेकेल असा उतारच नसतो. खदानीत पोहायला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो, त्यामागे हे मोठे कारण आहे.

काळाच्या ओघात कडा आपसूक ढासळतील आणि जमीन सावरेल, अशी आशा काहींना वाटते. त्यांनी दौलताबादचा किल्ला पाहावा. शत्रूला चढता येऊ नये म्हणून तिथला डोंगर माणसाने तासून उभा केला आणि शतके उलटली तरी तो कडा जागेवर आहे. आपला काळा पाषाण इतका पक्का आहे. सुरुंगांनी खिळखिळा झालेला काठ मात्र कधीही सुटतो. म्हणजे खदानीचा कडा सुरक्षितही होत नाही आणि उतरताही होत नाही. उतार द्यायचा तर तो यंत्र लावूनच द्यावा लागतो.

या कामाचा मोठा अनुभव विदर्भात आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर जिल्ह्यांत वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या कोळसा खाणी आहेत. कोळशावरची माती आणि खडक काढून बाजूला टाकतात, त्याला तिथे सगळे ‘ओबी’ म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन. फोडलेला खडक फुगतो. मधल्या पोकळ्यांमुळे तो मूळ जागेत पूर्ण मावत नाही. म्हणून काही भाग खड्ड्यात परत जातो आणि उरलेल्याचे डोंगर उभे राहतात. डंपरने ओतलेला ढीग साधारण 37 अंशांवर स्थिरावतो. तेवढ्या चढावर पहिल्याच पावसात घळी पडतात, गाळ नाल्यात आणि शेतात जातो. म्हणून अंतिम उतार 28 अंशांच्या आत आणावा, अशी अट खाणींच्या पर्यावरण मंजुरीत घालतात. त्यासाठी टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्पा किंचित आतल्या बाजूला कलता ठेवायचा आणि पायथ्याशी भोवतीने नाली काढायची.

डोझर उतारावरून कसा चालतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. तो वर-खाली चालला, तर त्याच्या पट्ट्यांचे आडवे ठसे उतारावर उमटतात. प्रत्येक ठसा इवलासा बांध होतो. त्यात पाणी थबकते, गवताचे बी अडकते. तोच डोझर उताराला आडवा चालवला, तर ठसे वरून खाली जाणारे होतात आणि पाण्याला आयत्या वाटा मिळतात. यंत्र तेच, डिझेल तेवढेच. समतल चर खोदणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

झाडांचा क्रम त्यानंतरचा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगाव मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातला प्रेसमड, नत्र पुरवणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी वापरून झाडे जगवून दाखवली. हे काम मोलाचे आहे. पण उताराचा पाया नसताना नुसते खड्डे घेऊन रोपे लावणे, फोटो काढणे आणि विसरणे याला मी जमिनीचे पुनरुज्जीवन म्हणणार नाही.

उतार देताना पाण्याचाही विचार हवा. भरलेल्या मातीत पाणी चढले की काय होते, ते जर्मनीतल्या नाख्टरश्टेट गावाने 18 जुलै 2009 रोजी पाहिले. जुन्या कोळसा खाणीचे तळे झाले होते. काठाचा मोठा भाग घरांसह त्यात घसरला आणि 3 जण गेले.

आपल्याकडे कायद्याची वानवा नाही. 1961 च्या धातुखाण विनियमांत मुरमाचा नावानिशी उल्लेख आहे: बाजूंचा उतार 45 अंशांच्या आत, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेले टप्पे. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी, खाणकाम संपल्यावर तिथे पुन्हा गवत उगवेल आणि जमीन चारा, वनस्पती, प्राणी यांना योग्य होईल, अशी अट खाणपट्ट्यांत घालण्याचे निर्देश केंद्राला दिले.

दगडखदानीची खरी अडचण वेगळी आहे. इथला माल खडी होऊन निघून जातो, खड्डा बुजवायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणून तयारी पहिल्या दिवशी हवी. वरची माती आणि मुरूम वेगळे काढून कमी उंचीच्या ढिगात ठेवावेत, वर गवत पेरावे. उंच ढिगात आतली माती निर्जीव होते. कड एका रेषेत सरळ खाली न नेता खोदतानाच टप्पे सोडावेत आणि निदान एका बाजूने गुरे उतरतील असा चढ ठेवावा. खोदून झाल्यावर कडा फोडायचा खर्च फार मोठा असतो. टप्पे सोडत गेले तर तो खोदण्याच्याच खर्चात बसतो. महामार्गांसाठी तलाव आणि नाले खोल करून माती-मुरूम घेण्याची ‘बुलढाणा पॅटर्न’ची रीत याच विचाराची आहे. तिथे खड्ड्याचा पुढचा उपयोग आधी ठरतो. खदानीचा पट्टा देतानाच शेवटच्या उताराचा नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि तो उतार दिल्याशिवाय पट्टेदाराची अनामत परत करू नये, एवढी मागणी तरी ग्रामसभांनी लावून धरावी.