नवस आणि वसा : कॅथॉलिक संतांकडून काय घ्यावे?

मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत खंडोबाला नवस फेडायला निघालेला माणूस आपणांपैकी प्रत्येकाने पाहिला आहे. पोराचा ताप उतरला, बैल सापडला, कज्जा सुटला. बोललो होतो ते पुरे करतो, असे म्हणून तो भंडारा उधळतो आणि हलक्या मनाने घरी परततो. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर सप्टेंबर महिन्यात मारिया मातेची जत्रा भरते. तेथे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. ज्याला घर हवे तो मेणाचे घर वाहतो. वाहणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही पुष्कळ असतात. भाषा निराळी, मूर्ती निराळी. परंतु मनातली गरज एकच.

या गरजेला आम्ही हसणार नाही. संकटात माणूस हात जोडतो, यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु आपल्या भाषेत नवसाच्या शेजारी आणखी एक शब्द आहे : वसा. नवस देवाकडून काही मागतो. वसा आपल्याकडून काही मागतो. नवस फेडला की संपतो. वसा घेतला की तो दररोज पाळावा लागतो. संतांच्या भक्तीत या दोहोंपैकी खरे महत्त्व कशाला, हा आजचा प्रश्न आहे. आपणांपैकी बहुतेकांचा कॅथॉलिक पंथाशी रोजचा संबंध नाही, म्हणून तर त्या परंपरेतील उदाहरणे आम्ही मुद्दाम निवडली आहेत. परक्याच्या अंगणातून पाहिले म्हणजे आपले घर कधीकधी अधिक नीट दिसते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कॅथॉलिक लोक संतांना देव मानतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्यांच्या शिकवणीप्रमाणे आराधना एका परमेश्वराचीच. संतांना द्यायचा तो मान, आणि त्यांच्याकडे मागायची ती मध्यस्थी : "आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा," एवढीच. त्यासाठी कोणी नऊ दिवसांची प्रार्थना करतो, तिला नोव्हेना म्हणतात. कोणी रोझरी, म्हणजे जपमाळ, ओढतो. तिच्यात दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ ज्याने पाहिली आहे, त्याला हे परके वाटू नये.

संत ठरवण्याची त्यांची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. माणूस गेल्यानंतर, साधारणतः पाच वर्षांनी, त्याच्या आयुष्याची चौकशी सुरू होते. त्याने काय लिहिले, कोणाशी कसा वागला, संकटात कसा टिकला, हे साक्षीपुराव्याने तपासतात. त्यात तो उतरला तरच पुढे चमत्काराचा प्रश्न येतो. मग आधी धन्यपद आणि त्यानंतर संतपद. धर्मासाठी प्राण दिलेल्यांचा मार्ग थोडा निराळा असतो. परंतु सर्वसाधारण नियम असा, की आधी वागणूक आणि मग चमत्कार. आपण सामान्य माणसे नेमका उलटा क्रम लावतो. चमत्कार आपल्याला तोंडपाठ असतात. वागणूक विचारली की आपण गप्प होतो. म्हणून तीन संतांची वागणूकच आज थोडी पाहू.

पहिले संत आपल्या महाराष्ट्राचे, वसईचे. गोन्सालो गार्सिया हे त्यांचे नाव. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांचा जन्म झाला. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाच्या पाद्र्यांजवळ ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघात सामील होण्याची त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. अशा वेळी माणूस एक तर कडवट होतो, नाही तर इच्छाच सोडून देतो. गोन्सालो यांनी व्यापार धरला, त्यात जमही बसवला; परंतु मनातली गोष्ट मनातून जाऊ दिली नाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ गेले, तेव्हा दुभाषा म्हणून उपयोगी पडली ती व्यापारी गोन्सालोंनी कमावलेली भाषा. क्योतोमध्ये या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली. पकडलेल्यांचे कान कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि कडाक्याच्या थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारले. त्यांतले वीस जपानी होते. सव्विसांमध्ये आपले वसईकर गोन्सालोही होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथॉलिक संत.

आता यातून आपण काय घ्यावे? क्रूस कोणी आपल्यापुढे आणून ठेवणार नाही. परंतु हवी ती जागा न मिळणे हे तर आपल्या घरोघर चालले आहे. मुलाला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळत नाही, नोकरीच्या यादीत नाव लागत नाही, आणि मग सगळे घर सुतकात बसते. गोन्सालो यांना दारातून परत फिरावे लागले; पण मधल्या वर्षांत जे काम हाती आले ते त्यांनी नेटाने केले, आणि त्याच कामाने शेवटी त्यांना हवे तेथे पोहोचवले. तुमच्या दुकानाचा गल्ला, तुमच्या कचेरीतले टेबल, तुमचे शेत, ही वाया गेलेली जागा नव्हे, हा पहिला वसा.

दुसरे संत गोव्याचे, जोसेफ वाझ. जन्म बाणावली येथे, २१ एप्रिल १६५१. त्या वेळी श्रीलंकेचा किनारा डच लोकांच्या ताब्यात होता आणि त्यांनी कॅथॉलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. तेथल्या कॅथॉलिकांना वर्षानुवर्षे धर्मगुरू दिसला नव्हता. १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात तेथे उतरले. पाठीशी तोफा नव्हत्या, गलबते नव्हती, कोणा सरकारचा शिक्का नव्हता. तमिळ आणि सिंहली भाषा ते शिकले. १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात गेले तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध. हा माणूस हेर नाही, हे त्याला हळूहळू पटले.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लस अजून निघाली नव्हती. तो शोध आणखी शंभर वर्षांनी लागायचा होता. राजासह अनेकांनी शहर सोडले. रोग्यांना घरचेच लोक रानात नेऊन टाकू लागले. वाझ आणि त्यांच्या नात्यातला एक तरुण धर्मगुरू मात्र मागे राहिले. त्यांनी रोग्यांना आसरा दिला, जखमा धुतल्या, अन्न भरवले, मेलेल्यांना माती दिली. रोगी कोणत्या धर्माचा, हे विचारले नाही. परत आल्यावर राजाने हे जाणले आणि त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने काम करू दिले. एका बौद्ध राजाने एका कॅथॉलिक धर्मगुरूला दिलेले ते अभय होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच वाझ वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

श्रोतेहो, साथ म्हणजे काय हे आता कोणी आपल्याला पुस्तकातून सांगायला नको. २०२० आणि २०२१ साली शेजारी शेजाऱ्याच्या दारात जायला बिचकत होता. सख्ख्या माणसाला अग्नी द्यायला नातलग पुढे येईनात, असे प्रसंग गावोगाव घडले. भीती खरी होती. तिला आम्ही दोष देत नाही. परंतु त्याच दिवसांत डबा पोहोचवणारे, औषध आणून देणारे, परक्याला खांदा देणारेही काही लोक होते. त्यांना संतपद कोणी देणार नाही. मात्र कॅथॉलिक मंडळी १ नोव्हेंबरला सर्व संतांचा जो सण पाळतात, तो अशा नाव न कळलेल्या संतांचाही सण असतो. दुसऱ्याच्या आजारपणात दार न लावणे, हा दुसरा वसा.

तिसरे उदाहरण लहान आहे, आणि म्हणूनच सर्वांत अवघड. फ्रान्समधील लिझिए गावच्या मठात तेरेझा नावाची एक तरुण संन्यासिनी होती. १८७३ चा जन्म, १८९७ मध्ये क्षयाने मृत्यू. आयुष्य उणेपुरे चोवीस वर्षांचे. मठात गेल्यावर तिने ना प्रवास केला, ना संस्था काढली. कपडे धुताना शेजारच्या बहिणीच्या हातून घाणेरडे पाणी तिच्या तोंडावर उडे. ती तोंड फिरवीत नसे. एका बहिणीचा स्वभाव तिला मुळीच मानवत नसे. तिच्याशी ती जाणूनबुजून अधिक गोड वागे, इतकी की, माझ्यात तुला एवढे काय आवडते, असे त्या बहिणीने विचारले. एवढ्याशा गोष्टी! पण १९२५ साली तिला संतपद मिळाले. आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. गंगाखेड येथून फार दूर नाही, आणि तेथली जनाबाई दळणकांडण करता करताच विठ्ठलापर्यंत पोहोचली. जाते आणि धुण्याचा दगड ही देवाला भेटण्याची जागा आहे, हे या दोघींनी दोन टोकांना राहून सांगितले. सासू-सून, भाऊ-भाऊ, एकाच भिंतीचे दोन शेजारी : आपले बहुतेक संसार मोठ्या पापांनी नव्हे, उडालेल्या पाण्याच्या थेंबांनी नासतात. तो थेंब पुसून टाकणे, हा तिसरा वसा.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्तही आहे : याच धर्माच्या नावाने गोव्यात देवळे पाडली गेली, १५६० पासून तेथे धर्मन्यायालयाचा जाच चालला, त्याचे काय? ते झाले, आणि ते झाकण्याचे आम्हांला कारण नाही. परंतु हाच न्याय स्वच्छ मनाने लावावा. सत्तेच्या हातात गेलेला धर्म आणि संताच्या हातातला धर्म, या दोन वस्तू आहेत. वाझ यांच्याजवळ सत्ता नव्हती. उलट सत्ता त्यांच्या मागावर होती. आणि फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थ १५७९ साली गोव्यात उतरले, तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. स्टीफन्स यांना संतपद मिळालेले नाही. पण ते आपली भाषा शिकले, आपली ओवी शिकले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्यांनी मराठीत रचले. १६१६ साली ते रोमन लिपीत छापून निघाले. ज्यांना शिकवायचे त्यांचे आधी शिकावे, एवढी नम्रता त्या कामात आहे.

हा धागा अगदी आपल्या मराठवाड्यापर्यंत येतो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो : 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, हरित वसईच्या चळवळीचे पुढारी. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला, धमक्याही आल्या. प्रकृती बरी नसतानाही ते आले आणि मराठीतून बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. ज्या मातीत संत गोरोबाकाकांचे तेर आहे, त्या मातीने एका कॅथॉलिक धर्मगुरूचे शब्द ऐकले, ही आम्हांला अभिमानाची गोष्ट वाटते.

तात्पर्य, संताची तसबीर भिंतीवर लावणे सोपे आहे. हार घालणे त्याहून सोपे. खंडोबाला जा, पंढरीला जा, नांदेडच्या हुजूर साहिबला माथा टेका, वांद्र्याच्या टेकडीवर मेणबत्ती लावा. नवस बोला आणि फेडा. आमचे मागणे इतकेच, की परतताना एक लहानसा वसाही बरोबर घेऊन या. वाट्याला आलेले काम मनापासून करीन. आजाऱ्याला दार लावणार नाही. उडालेला थेंब पुसून टाकीन. यांतला कोणताही एक पुरे. नवस फेडायला वर्षातून एकदा यात्रेला जावे लागते. वसा पाळायला मात्र आपल्या घराचा उंबरठाच पुरतो.