नवे बियाणे शेतात कसे पोचते?

शोध लागला म्हणजे काम संपले असे आपल्याला वाटते. पण शोध लागणे वेगळे आणि लोकांनी तो स्वीकारणे वेगळे. हे स्वीकारणे कसे घडते, याचा अभ्यास निरनिराळी शास्त्रे करतात.

अमेरिकेतील आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचे बियाणे आले. पीक सुमारे २० टक्के जास्त येई. मात्र बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागे. रायन व ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी तेथील २५९ शेतकऱ्यांना भेटून १९४३ मध्ये निष्कर्ष मांडले. १९४१ पर्यंत दोघे सोडून सर्वांनी हे बियाणे स्वीकारले होते. पुष्कळांना पहिली माहिती विक्रेत्याकडून मिळाली. पण ते पटले शेजाऱ्याच्या अनुभवामुळे.

याचा आलेख काढला तर तो इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो : आधी संथ, मग वेगवान, पुन्हा संथ. असे का? समजा, गावात १०० शेतकरी आहेत. १० जण नवे बियाणे वापरतात, ९० नाहीत; तर वापरणारा व न वापरणारा यांच्या जोड्या १० × ९० = ९००. दोन्ही गट ५० चे झाले की जोड्या २,५००. पुढे ९० आणि १० झाले की पुन्हा ९००! जोड्या जितक्या जास्त, तितका प्रसाराचा वेग जास्त. ही झाली गणिताची दृष्टी.

ग्रिलिकेस या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये निराळाच प्रश्न विचारला : आयोवात हे बियाणे लवकर पसरले, अलाबामात उशिरा, ते का? त्याचे उत्तर होते, नफा. जेथे फायदा अधिक, तेथे विक्रेतेही आधी पोचले आणि शेतकरीही लवकर वळले.

मग शेजारी आणि नफा एवढ्याने सारे उलगडते का? नाही. पेरू देशातील लॉस मोलिनोस गावात पाणी उकळून पिण्याचा प्रचार दोन वर्षे चालला. २०० कुटुंबांपैकी आणखी फक्त ११ कुटुंबांना ते पटले. बाकीची दूषित पाणीच पीत राहिली. वेलिन या मानवशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये याचे एक कारण दाखवले. आपल्याकडे पदार्थ ‘उष्ण’ व ‘थंड’ मानतात, तशीच समजूत तेथे होती आणि उकळलेले पाणी आजाऱ्यानेच प्यायचे असे लोक मानत. ही समजूत जाणून न घेता जंतूंची माहिती सांगणे व्यर्थ ठरले.

तापमापीने वजन कळत नाही, म्हणून तापमापी खोटी ठरत नाही. शास्त्रांचेही तसेच आहे. तुमच्या गावात ठिबक सिंचन आले असेल, तर पाहा : प्रथम कोणी घेतले? कोणाचे पाहून? खर्च किती, फायदा किती? ज्यांनी घेतले नाही, त्यांना काय वाटते? हा शेवटचा प्रश्न विसरू नका.