एका खिशात मोबाइल, दुसऱ्यात पुडी

घोडबंदर रोडवर उंच इमारती झाल्या, तरी येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला आपले पाडे अजून आहेत. पाड्यांतली मुलं रिक्षा चालवतात, घरोघरी सामान पोहोचवतात. मोबाइल दिवसभर पँटच्या खिशात. मग बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी हळूच विचारतं, "मोबाइलमुळे पुरुषाला मूल व्हायला अडचण येते का हो?" आज त्याबद्दलच बोलू.

मोबाइल रेडिओ लहरींवर चालतो. आमचा आवाज तुमच्यापर्यंत येतो तोही अशाच लहरींवर. एक्स-रेसारखी ताकद त्यांच्यात नसते, पण जोर जास्त असेल तर अंग किंचित तापतं. पुरुषाचे वृषण शरीराबाहेर पिशवीत असतात, कारण शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. म्हणून खिशातल्या मोबाइलबद्दल शंका आली.

स्वित्झर्लंडमध्ये १८ ते २२ वर्षांच्या २,८८६ तरुणांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. दिवसातून २० पेक्षा जास्त वेळा मोबाइल वापरणाऱ्यांत शुक्रजंतूंचं प्रमाण मिलिलिटरला सुमारे साडेचार कोटी होतं, तर आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांत साडेपाच कोटींच्या वर. फरक दिसला खरा. पण साडेचार कोटी हे प्रमाणही चांगलंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. आणि मोबाइल खिशात ठेवणाऱ्यांत व इतरत्र ठेवणाऱ्यांत फरक आढळला नाही. म्हणजे संबंध दिसतो, पण मोबाइलच कारण आहे हे सिद्ध झालेलं नाही.

आता दुसऱ्या खिशाकडे बघू. त्यात तंबाखूची पुडी असते. मुंबईत वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या ६३८ तंबाखू खाणाऱ्या पुरुषांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. जितकी तंबाखू जास्त, तितके शुक्रजंतू कमी आणि मंद, असं त्यात दिसलं. विडी-सिगारेट, दारू, मधुमेह, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर झालेला गालगुंड यांनीही नुकसान होतं. घोडबंदरच्या वाहतूक कोंडीत तासन्‌तास सीटवर बसणाऱ्या चालकाच्या वृषणाची उष्णताही वाढते. त्यानं मध्ये मध्ये उतरून पाय मोकळे करावेत, सैल कपडे घालावेत.

मोबाइलबद्दल काळजी वाटत असेल तर साधे उपाय आहेत. झोपताना तो दूर ठेवावा. लांबलचक बोलणं स्पीकरवर करावं. रेंज कमी असताना मोबाइल जास्त जोर लावतो, तेव्हा बोलणं आवरतं घ्यावं. आपल्या देशात मोबाइलच्या लहरींची मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की बऱ्याच मोबाइलवर आपला आकडा दिसतो.

पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढे आहे. लग्नाला दोन वर्षं झाली की बोट सुनेकडे जातं. तिची सोनोग्राफी, तिच्या नळ्यांची तपासणी, तिचेच उपास आणि नवस. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. त्याची पहिली तपासणी सगळ्यात सोपी: वीर्य तपासणी. सुई नाही, कापणं नाही. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, एवढंच पथ्य. अहवाल कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आज सोडलेल्या तंबाखूचं फळ तेवढ्या काळानंतर दिसू लागतं.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चौकशी करा, आशाताईंनाही विचारा. गावच्या वैदूकडे किंवा जाहिरातीतल्या ताकदीच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि सासूबाईंनाही बोलवा. सुनेला बोल लावण्याआधी मुलाची तपासणी झाली का, हे सगळ्यात आधी त्यांनीच विचारायला हवं.