पाहिलेल्याची साक्ष

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि काठची कित्येक गावठाणे पाण्याखाली गेली. त्यानंतर जन्मलेल्या नातवाला आजोबा बोट करून सांगतात, “तिथं आपला वाडा होता, पलीकडं चावडी.” नातवाने काहीच पाहिलेले नाही, तरी तो मानतो. कशाच्या बळावर? पाहणाऱ्याच्या शब्दावर. यालाच साक्ष म्हणतात.

ख्रिस्ती श्रद्धेचा पाया असाच साक्षीवर घातलेला आहे. येशूला क्रुसावर मारले आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत झाला, हे त्याच्या शिष्यांनी घडलेली गोष्ट म्हणून सांगितले. मग ‘पाहिलं कुणी?’ हा प्रश्न आलाच. पौलाने करिंथकरांना पत्र लिहिले ते येशूच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. त्यात तो पेत्र आणि याकोब यांची नावे घेतो, पाचशेंहून अधिक जणांना दर्शन झाल्याचे सांगतो, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असेही लिहितो. पंचवीस वर्षे म्हणजे किती? २००५ साली जुने गाव पाहिलेली किती माणसे तुमच्या पारावर बसत होती, ते आठवून पहा.

आता साक्ष पारखायची कशी? साक्षीदार जवळ होता का, मुख्य गोष्टीत सगळ्यांचे जुळते का, आणि सांगून त्याला लाभ काय, हे पाहावे. चारही शुभवर्तमानांत कबरीपाशी गेलेल्या स्त्रियांची नावे सारखी नाहीत; पण कबर रिकामी होती आणि ते प्रथम स्त्रियांना कळले, यावर चौघांचे एकमत आहे. स्त्रीच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. रचून सांगणाऱ्याने असे साक्षीदार निवडले असते का? शंका घेणाराही विचारतो : पाचशेंची नावे कुठे आहेत? प्रामाणिक माणसाचीही चूक होत नाही का? हे प्रश्नही रास्तच आहेत.

म्हणून मूळ साक्ष स्वतः वाचावी. याच भीमेच्या खोऱ्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले, ते साध्या बायामाणसांना वाचता यावे म्हणून.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि म्हाताऱ्यांचा शब्द खरा ठरतो. पुनरुत्थान तसे पुन्हा डोळ्यांपुढे यायचे नाही. साक्ष माणसाला उंबऱ्यापर्यंत आणते. पुढचे पाऊल श्रद्धेचे, आणि ते ज्याचे त्याने टाकायचे.

गुरुजी, जुनी गावठाणे पाहिलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांचे बोल मुलांकडून वहीत उतरवून घ्या. कोण सांगतो, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि तेव्हा त्याचे वय काय होते, एवढे तरी शेजारी लिहायला सांगा.