सॉर्ट कुठे गेला?

दूध संकलन केंद्राचं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. सभासद क्रमांक, तारीख, वेळ (सकाळ किंवा संध्याकाळ), लिटर, फॅट. समजा गावात २,००० सभासद आहेत आणि सगळे दोन्ही वेळेला दूध घालतात. म्हणजे दिवसाला ४,००० नोंदी, वर्षाला १४ लाख ६० हजार. खिडकीशी ४१७ नंबरचे सभासद उभे आहेत. "माझ्या शेवटच्या दहा नोंदी दाखवा की." क्वेरी दोन ओळींची: सभासद ४१७, ऑर्डर बाय तारीख उलटी, लिमिट १०.

डेटाबेस पोस्टग्रेस आहे असं धरू. टेबलावर एकही इंडेक्स नसेल, तर तो सगळ्या नोंदी चाळतो, ४१७च्या ७३० बाजूला काढतो आणि त्यांतल्या ताज्या दहा निवडतो. एक्स्प्लेन ॲनालाइझ चालवलं की प्लॅनमध्ये 'टॉप-एन हीपसॉर्ट' असं लिहून येतं. इथे पुष्कळांची गल्लत होते. प्लॅनमध्ये सॉर्ट दिसला की बोट त्याच्याकडे जातं. पण ७३० रो सॉर्ट करायला कितीसा वेळ लागणार? वेळ खाल्ला तो साडेचौदा लाख नोंदी चाळण्याने.

आता (सभासद, तारीख) असा दोन कॉलमचा बी-ट्री इंडेक्स करा. त्यात ४१७च्या सगळ्या नोंदी शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या आत तारखेने लागलेल्या आहेत. पोस्टग्रेस त्या गठ्ठ्याच्या शेवटी जातो, दहा नोंदी उलट्या वाचतो आणि थांबतो. प्लॅनमध्ये 'इंडेक्स स्कॅन बॅकवर्ड' दिसतं, सॉर्टची ओळच नसते.

सॉर्ट खरा बोचतो तो मोठ्या रिपोर्टमध्ये. वर्षभराची सगळी बिलं सभासदवार, तारीखवार काढायची म्हटली, तर शेवटची नोंद हाती आल्याशिवाय पहिली बाहेर देता येत नाही. न जाणो, सगळ्यांत आधीची तीच असायची. शिवाय सॉर्टला मिळणारी मेमरी, म्हणजे वर्क-मेम, मुळात ४ एमबी ठेवलेली असते. तेवढ्यात मावलं नाही की तुकडे डिस्कवर लिहायचे, पुन्हा वाचून जुळवायचे. प्लॅनमध्ये 'एक्स्टर्नल मर्ज' दिसलं की समजावं, गडी डिस्कवर गेला.

पण सॉर्ट लागणार नाही हे प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कोणत्या रस्त्याने चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, कळतं कसं? टेबल वाचण्याच्या किंवा जोडण्याच्या प्रत्येक संभाव्य रस्त्याला तो एक चिठ्ठी लावतो: या रस्त्याने आलेल्या रो कोणत्या क्रमात असतील. पोस्टग्रेसमध्ये तिला पाथ-की म्हणतात. कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या सिस्टीम आर प्रकल्पातल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९च्या निबंधात ती मांडली आणि अशा उपयोगी क्रमांना 'इंटरेस्टिंग ऑर्डर' असं नाव दिलं. एरवी प्लॅनर प्रत्येक टप्प्यावर स्वस्तातला रस्ता ठेवतो आणि महागडे टाकून देतो. सेलिंजर यांचं म्हणणं असं की महागड्या रस्त्याचा क्रम पुढे कामी येणार असेल, तर तोही टाकू नका. आपल्याच रिपोर्टमध्ये नोंदींना सभासदांची नावं जोडायची आहेत. हॅश जॉइन बहुधा स्वस्त पडेल, पण त्यात क्रम टिकत नाही, वर सॉर्ट करावाच लागतो. मर्ज जॉइन त्या टप्प्यापुरता महाग दिसला तरी रो सभासदवार लागूनच बाहेर येतात. कोण जिंकलं ते शेवटच्या बेरजेत ठरतं.

चिठ्ठ्या जुळवताना प्लॅनर थोडं तर्कशास्त्रही वापरतो, आणि मला हा भाग सगळ्यांत आवडतो. सभासद ४१७ असं ठरलेलं असताना ऑर्डर बाय सभासद, तारीख लिहिलं, तर पहिल्या कॉलमला अर्थच नाही. सगळीकडे ४१७च आहे. प्लॅनर तो गाळतो आणि नुसती तारीख उरते. मात्र 'सभासद ४१७ किंवा ४१८' म्हणा आणि तारखेने मागा, की दोन वेगळे गठ्ठे झाले, सॉर्ट परत आला.

क्रम अर्धाच लागलेला असेल तर? २०२०मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसला इन्क्रिमेंटल सॉर्ट येतो. इंडेक्स फक्त तारखेवर आहे आणि हवं आहे तारीख, मग लिटर. तेव्हा तो एकेका दिवसाच्या ४,००० नोंदींपुरताच सॉर्ट करतो.

चिठ्ठी जुळायची तर तंतोतंत जुळावी लागते. (तारीख, वेळ) असा इंडेक्स उलटा वाचला की दोन्ही कॉलम उलटतात. तारीख उलटी पण वेळ सुलटी हवी असेल तर त्या इंडेक्सने पूर्ण भागत नाही. मराठी नावांची तर वेगळीच गंमत. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मधे बसवला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे 'सी' कोलेशनच्या, म्हणजे नुसत्या कोडच्या क्रमाने लावलेल्या, इंडेक्समध्ये काळे येतात कावरे यांच्या आधी; मराठी कोलेशनने मागितलं तर ते कासारांच्याही मागे जातात. प्लॅनरच्या दृष्टीने हे दोन निराळे क्रम आहेत, म्हणून तो गपचूप सॉर्ट घालतो. इंडेक्स करतानाच कोलेशन मराठी दिलं की झालं.

आता पुन्हा ४१७ नंबरकडे. समजा इंडेक्स दोनच आहेत, एक नुसत्या सभासदावर आणि एक नुसत्या तारखेवर. लिमिट १० पाहून प्लॅनर हिशेब मांडतो: तारखेच्या इंडेक्सवरून मागे मागे गेलो, तर दर २,००० नोंदींत एक ४१७ची असणार, म्हणजे २०,००० नोंदींत काम होईल, वर सॉर्टही वाचेल. पण आता समजा, या गृहस्थांनी सहा महिन्यांपूर्वीच म्हैस विकली आहे. त्यांची शेवटची नोंद गाठेपर्यंत इतरांच्या सात लाखांवर नोंदी तपासाव्या लागतात, आणि त्याही इंडेक्समधून उड्या मारत. त्यापेक्षा सभासदाच्या इंडेक्सने त्यांच्या तीन-चारशे नोंदी उचलून सॉर्ट केल्या असत्या तर पापणी लवायच्या आत उत्तर आलं असतं. खरा इलाज दोन कॉलमचा इंडेक्सच. तो लगेच करता येत नसेल तर ऑर्डर बायमध्ये तारखेऐवजी 'तारीख अधिक शून्य' लिहितात. उत्तर तेच येतं, पण तारखेचा इंडेक्स त्या क्रमाशी जुळत नाही, आणि प्लॅनर मुकाट्याने सॉर्ट करतो. शेजारी कॉमेंट तेवढी लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी ते शून्य फालतू समजून पुसून टाकेल.